पेढीवाल्याचे मृत्युपत्र

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस अँथनी ड्रेक्सेल नावाचा एक कॅथलिक पेढीवाला राहत असे. दिवसभराचे व्यवहार आटोपून तो घरी परतला की थेट आपल्या खोलीत जाई आणि बराच वेळ गुडघ्यांवर प्रार्थनेत घालवी. त्या वेळी बाबांना हाक मारायची नाही, हे घरातील लहान मुलींनाही ठाऊक होते. त्यानंतर जेवण, आणि मन झाले तर ऑर्गनवादन. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या माणसाचा हा दिनक्रम वाचला तेव्हा आम्ही प्रथम भारावलो. मग मनात एक शंका आली. खोलीत गुडघे टेकणारा आणि पेढीवर रोख्यांचे भाव ठरविणारा, हे दोघे एकमेकांशी कधी बोलत असतील काय?

ड्रेक्सेल घराण्याची श्रीमंती वडिलार्जित असली तरी फार जुनी नव्हती. फ्रान्सिसचे वडील ऑस्ट्रियातील डॉर्नबर्न गावचे चित्रकार. १८१७ साली ते अमेरिकेत आले, दक्षिण अमेरिकेत भटकून त्यांनी माणसांची चित्रे काढली आणि १८३८ साली फिलाडेल्फियात पेढी घातली. पुढे ती मुलांच्या हाती आली. धाकटे बंधू अँथनी हे व्यवहारात अधिक पुढे होते. १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये जे. पी. मॉर्गन यांच्या भागीदारीत ‘ड्रेक्सेल, मॉर्गन आणि कंपनी’ निघाली आणि हे घराणे देशातील आघाडीच्या धनिकांत जाऊन बसले.

फ्रान्सिस यांची पहिली पत्नी हॅना १८५८ साली दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर पाच आठवड्यांनी वारली. ती मुलगी म्हणजेच आपण ज्यांना संत कॅथरिन ड्रेक्सेल म्हणतो त्या. १८६० साली फ्रान्सिस यांनी एमा बुव्हिए यांच्याशी विवाह केला. या सावत्र आईविषयी चार शब्द लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. वॉलनट स्ट्रीटवरील त्यांच्या घराचे मागचे दार आठवड्यातील ठरावीक दिवशी गरिबांसाठी उघडे असे. कोणाला कपडे, कोणाला औषध, कोणाचे थकलेले घरभाडे. कोण खरोखर अडचणीत आहे याची चौकशी करून नोंदी ठेवल्या जात, आणि मुलींनाही त्या कामाला बसविले जाई. दान हे उफाळून आलेल्या दयेचे काम नसून रोजच्या शिस्तीचे काम आहे, हे त्या मुली धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून नव्हे, तर त्या दारात शिकल्या. एमा तीन वर्षे कर्करोगाने झिजल्या आणि १८८३ साली देवाघरी गेल्या.

इतके सांगून थांबलो असतो तर प्रवचनाला पुरेसा मजकूर झाला असता. परंतु आमची शंका दाराशी येऊन थांबत नाही. मागच्या दाराने जे बाहेर गेले ते पुढच्या दाराने कोठून आले होते?

१८६४ साली अमेरिकन काँग्रेसने नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेला विस्तीर्ण जमिनी बहाल केल्या. सुपीरियर सरोवरापासून पॅसिफिक महासागरापर्यंतची ही वाट आदिवासींच्या मुलखातून जाणार होती. या रेल्वेच्या रोख्यांनी फिलाडेल्फियाचीच दुसरी बडी पेढी, जे कुक यांची, १८७३ साली बुडविली आणि देशभर मंदी पसरली. ड्रेक्सेल बंधू त्या वेळी सावध राहिले व तगले. पुढे १८८० साली याच रेल्वेसाठी चार कोटी डॉलरांचे रोखे उचलणाऱ्या पेढ्यांच्या गटात ड्रेक्सेल, मॉर्गन ही पेढी अग्रभागी होती. १८८३ साली मार्ग पूर्ण झाला. माँटानातील क्रो जमातीच्या राखीव प्रदेशातून तो नेण्यात आला. त्यासाठी क्रो लोकांशी करार करण्यात आला होता. ज्याच्या हाती बंदूक आहे त्याने ज्याचे रानरेडे संपले आहेत त्याच्याशी केलेल्या कराराला आपण कितपत करार म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि आता योगायोग पाहा. १८८७ साली याच क्रो लोकांत येशूसंघीय धर्मगुरूंनी सेंट झेवियर मिशन उभारले, ते कॅथरिन ड्रेक्सेल यांच्या पैशावर. पित्याच्या पेढीने ज्या रेल्वेला भांडवल पुरविले तिने जमीन ओलांडली, आणि कन्येच्या देणगीने त्याच जमिनीवर शाळा बांधली. फ्रान्सिस यांनी कोणाला फसविले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या काळी याला कोणी पाप म्हटले नसते, पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंनीही विचारले नसते. आमचा प्रश्न त्या न विचारण्याविषयी आहे. पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक १८९१ साली निघाले. फ्रान्सिस तोवर हयात नव्हते. तथापि श्रीमंताच्या कोठारातील जादा धान्य हे मुळात भुकेल्याचेच आहे, असे संत बासिल व संत अँब्रोज चौथ्या शतकात शिकवून गेले होते. तसे असेल तर दान हे दान राहत नाही, ती परतफेड होते. परतफेड करणाऱ्याने किती नम्र असावे!

आम्ही हे कोणत्या तोंडाने लिहीत आहोत, याची आम्हांला जाणीव आहे. रविवारच्या मिस्सात दानपेटी फिरते. तीत पडणारी नोट शेत विकून आली, व्याजाने आली की कोणा मजुराची मजुरी अडवून आली, हे आम्ही आजवर एकदाही विचारलेले नाही. छपराचे काम अडलेले असते, कंत्राटदार दारात उभा असतो. अशा वेळी विधवेची दमडी आणि धनिकाची थैली आम्ही एकाच वहीत मांडतो.

परतफेडही निर्मळ झाली का, हा आणखी अवघड भाग. आदिवासी मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांत कॅथलिक संस्थाही सामील होत्या, आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या महागुरुस्वामींनी त्याबद्दल क्षमा मागितली. कॅथरिन यांच्या पैशावर चाललेल्या शाळा या इतिहासाच्या बाहेर नाहीत. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले, ते आम्ही श्रद्धेने मानतो. पण संतांच्या हातून उभी राहिलेली प्रत्येक भिंत संत नसते.

आता मृत्युपत्राकडे वळू. १५ फेब्रुवारी १८८५ रोजी फ्रान्सिस वारले. मागे दीड कोटी डॉलरांहून अधिक संपत्ती. तिचा दशमांश त्यांनी धर्मादाय संस्थांना लगोलग द्यायला सांगितला होता. उरलेली रक्कम विश्वस्तांकडे. तिचे केवळ उत्पन्न एलिझाबेथ, कॅथरिन आणि लुईस या तीन मुलींना. मुद्दलाला त्यांनी हात लावायचा नाही आणि त्यांच्या पतींचा त्यावर कसलाही अधिकार नाही. पैशासाठी लग्न करू पाहणाऱ्यांना दूर ठेवण्याची ही पित्याची तजवीज. मुली निपुत्रिक वारल्या तर सारे मुद्दल त्याच धर्मादाय संस्थांकडे जावे, असेही त्यात होते. पेढीवाल्याने आपल्या मरणानंतरच्या सर्व शक्यतांचा हिशेब मांडला होता.

एक शक्यता त्यांना सुचली नाही. १८८७ साली कॅथरिन रोमला पोप लिओ यांच्या भेटीला गेल्या आणि आदिवासींसाठी मिशनरी मागू लागल्या. तूच मिशनरी का होत नाहीस, असे पोपमहाशयांनी त्यांनाच विचारले. १८९१ साली त्यांनी आदिवासी व कृष्णवर्णीय यांच्या सेवेसाठी पवित्र साक्रामेंताच्या धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. न्यू ऑर्लिन्समधील झेवियर विद्यापीठ हे त्यांच्याच कार्याचे फळ. एलिझाबेथ १८९० साली बाळंतपणात वारल्या, लुईस १९४३ साली. दोघींच्याही मागे मूल नव्हते. सारे उत्पन्न एकट्या कॅथरिन यांच्याकडे आले. हयातीत त्यांनी सुमारे दोन कोटी डॉलर वाटले, आणि पेन्सिलीचा तुकडा संपेपर्यंत वापरला.

३ मार्च १९५५ रोजी, वयाच्या शहाण्णव्या वर्षी, त्या वारल्या. विश्वस्तांनी सत्तर वर्षांपूर्वीची यादी काढली. कॅथरिन यांचा संघ त्या यादीत नव्हता, कारण यादी लिहिली तेव्हा तो जन्मलाच नव्हता. वडिलांचा शब्द मोडून मिळावे यासाठी त्या न्यायालयात गेल्या नव्हत्या. मुद्दल यादीतील संस्थांकडे गेले. सुमारे पाचशे धर्मभगिनी आणि साठेक शाळा असलेल्या संघाचे ते उत्पन्न त्या दिवशी बंद झाले, आणि भगिनींना देणगीसाठी लोकांची दारे ठोठवावी लागली.