सरावलेली नजर

श्रोतेहो, नजर फार लवकर सरावते. अंधेरीच्या टपरीवर पहाटेच पेले विसळणारं पोर दिसतं. घाटकोपरच्या एखाद्या सोसायटीत दुसऱ्या मुलाचं दप्तर उचलून चालणारी, त्याच्याच वयाची मुलगी दिसते. पहिल्या दिवशी जीव कळवळतो. मग नजर सरावते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला किंवा हॉटेलात ठेवायला २००६ पासून बंदी आहे. २०१६च्या दुरुस्तीनं ती जवळजवळ सर्व कामांना लागू झाली. तरीही ‘घरच्यासारखीच आहे’ असं म्हटलं जातं. या वाक्याइतकं क्रूर वाक्य क्वचितच असेल.

त्वचेच्या रंगाबाबतही नजर अशीच सरावते. सावळ्या मुलीला हळद-बेसन चोळलं जातं, तेही मायेनं. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिराती घराघरात पाहिल्या गेल्या. अशा एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ शब्द २०२० साली निघाला. स्थळं पाहताना ‘गोरी’ हा शब्द अजून कानांवर येतो.

श्रोतेहो, सरावलेली नजर कलेनं हलते. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये १९८८ साली रस्त्यावरच्या मुलांनीच भूमिका केल्या. त्या चित्रपटातूनच सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटात जब्या या मुलानं भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, प्रेक्षकाकडे येतो. जात आणि रंग दोन्ही सोसलेल्या मुलाचा तो दगड आहे. तो चुकवता येत नाही.

राबणारं मूल दिसलं, तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तिथं रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.