पंगतीची आरास

कार्तिकी एकादशीस देव उठले आणि द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागू लागली, की माणसांच्या लग्नांनाही वाट मोकळी होते. माळव्यात या एकादशीला देवउठनी ग्यारस म्हणतात. चार महिने अंधारात असलेली इंदूरच्या वेशीवरील मॅरेज गार्डने त्या दिवसापासून दिव्यांनी उजळतात. शरद सरत आलेला असतो, सोयाबीन बाजारात गेलेले असते, गहू-हरभऱ्याच्या पेरण्या चाललेल्या असतात आणि रात्री अंगावर शाल घ्यावी इतपतच थंडी पडलेली असते. आकाशाखाली मेजे मांडून पाहुण्यांना जेवू घालण्यास याहून अनुकूल काळ वर्षात दुसरा नाही. या मेजांच्या सजावटीविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत. विषय काहींना क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात नुकतेच कार्य झाले आहे त्या घरातील मंडळी आम्हांस हसणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

प्रश्न असा की, चार तासांनंतर जिचा मागमूसही उरणार नाही अशा शोभेसाठी श्रम आणि द्रव्य खर्ची घालणे योग्य आहे काय?

हा प्रश्न आजचा नव्हे. मेजे येण्यापूर्वी पंगत होती आणि पंगतीलाही आरास होती. पाट मांडले जात, पाटासमोर केळीचे पान येई, पानाभोवती रांगोळीची महिरप निघे, दोन पानांच्या मध्ये उदबत्तीचे घर असे. विहिणीच्या पानाभोवतीची रांगोळी तर अशी असे की तिच्यात पाऊल टाकताना मनुष्य संकोचावा. पानाच्या डाव्या बाजूस चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, वर मीठ आणि लिंबाची फोड ही मांडणी शोभेसाठी नव्हती. वाढणाऱ्याला कोठे काय वाढावयाचे हे न विचारता कळावे, म्हणून ती होती. रांगोळीला मात्र असा कोणताही उपयोग नव्हता. ती केवळ सुंदर होती, आणि पहिली पंगत उठेपर्यंत निम्मी पुसली जात असे. तरीही ती काढणाऱ्या बायकांना कोणी उधळ्या म्हटल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा वस्तू अल्पायुषी आहे एवढ्यावरून ती व्यर्थ ठरत नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. लग्नातले जेवण तरी किती काळ टिकते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सजावटीचा पैसा अधिक गरजेच्या ठिकाणी का जाऊ नये? या युक्तिवादाची अडचण अशी की तो फुलांपाशी थांबत नाही. फुले गेली की सनई जाते, सनई गेली की पक्वान्न जाते आणि शेवटी जगात एकही भुकेला असेतो कोणी आनंद करू नये, असे म्हणण्याची पाळी येते. सत्यशोधक समाजाने 1873 पासून साध्या, अल्पखर्ची विवाहाचा आग्रह धरला, त्यामागे आनंदाचा द्वेष नव्हता. लग्नापायी शेतकरी सावकाराच्या दारात जातो, ही गोष्ट त्या चळवळीस दिसत होती. आम्हांस खरा दोष तेथेच दिसतो. श्रीमंताने स्वतःच्या मेजावर काय ठेवले याहून, त्याने शेजाऱ्याच्या मेजाचे माप ठरवून टाकले, ही गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्याच्या घरी पुढच्या मुहूर्तावर लग्न आहे तो गृहस्थ ती सजावट पाहून घरी जातो आणि रात्री हिशेबाची वही पुन्हा उघडतो. 1960 च्या दशकातील धान्यटंचाईत अनेक राज्यांनी लग्नातील पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारे आदेश काढले होते. सरकारला पाने मोजता येतात. त्या गृहस्थाच्या मनातील धास्ती मोजणारा आदेश कोणत्याही खात्याला काढता येणार नाही, हे आयुष्यभर शासकीय आदेशांचे मसुदे केलेल्या आम्हांस चांगले ठाऊक आहे.

आमच्या नात्यातील एका घरी या प्रश्नाने चांगलाच पेच पडला होता. वधू नोकरी करणारी, विचारी मुलगी. तिचे म्हणणे, मेजावर स्वच्छ चादर असावी, पाणी असावे, बाकी काही नको. सजावटीची रक्कम एखाद्या शाळेस द्यावी. आजी म्हणाल्या, "शाळेला दे गं, अवश्य दे. ते तुझं दान. पण दारी आलेल्या माणसाला उघड्या पाटावर बसवू नये. त्याला कळायला हवं की आपली वाट पाहत होते." आमच्या मते संपूर्ण विषयाचे मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. दान हे आपण न पाहिलेल्या माणसासाठीही करता येते. आतिथ्य समोरच्या माणसाचेच करावे लागते, आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. पाहुणा येण्यापूर्वी कोणीतरी त्याच्या जागेपाशी वाकून काहीतरी केले होते, ही खूण म्हणजे सजावट. शेवटी शाळेस रक्कम गेली आणि मेजांवर पितळी गडव्यांतून शेवंती आली. गडवे घरोघरून मागून आणले होते, त्यामुळे एकासारखा दुसरा नव्हता. छायाचित्रकाराला ते फारसे रुचले नाही म्हणतात.

शेवंतीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. रात्र मोठी होऊ लागली की या झाडास कळ्या धरतात. म्हणजे तिचा बहर आणि लग्नाचा हंगाम एकाच सूर्याने ठरविलेले आहेत. झेंडूची गोष्ट थोडी निराळी. दसरा-दिवाळीला त्याला भाव असतो आणि दिवाळी सरताच तो असा कोसळतो की तोडणीची मजुरी सुटत नाही म्हणून शेतकरी फुले बांधावर टाकून देतात. त्याच शेतकऱ्याला कार्तिक-मार्गशीर्षातील लग्ने हात देतात. सजावट बंद करा म्हणणाऱ्याने त्याचाही विचार करावा.

पण आज मेजावर येते काय? अलीकडे एका समारंभात आम्ही लाल-पिवळी, पंजाच्या आकाराची प्लॅस्टिकची पाने मेजभर पसरलेली पाहिली. चौकशी करता कळले की ही मेपलची पाने असून 'ऑटम' नावाच्या सजावटीत ती घालावीच लागतात. अमेरिकेत, जपानात त्या ऋतूत ती झाडे खरोखर अशी पेटल्यासारखी दिसतात, तेथे ती पाने मेजावर यावीत हे स्वाभाविकच आहे. आमची पानगळ शिशिराची. कार्तिकात माळव्यातला पळस हिरवागार असतो. कोशात 'ऑटम'पुढे शरद लिहिले आहे एवढ्यावरून आमच्या शरदाने पाने गाळावीत, ही अपेक्षा विनोदी आहे. पैसा परका की आपला याचे आम्हांस फारसे सोयरसुतक नाही. परंतु पाहुण्याची वाट पाहत होतो असे सांगणारी वस्तू निदान त्या दिवसाची, त्या जागेची तरी असावी.

फुले खरी असली तरी ती ज्यात खोचतात तो हिरवा, पाणी पिणारा ठोकळा प्लॅस्टिकचाच प्रकार आहे. तो कुजत नाही, त्याचा भुगा होतो एवढेच. थर्मोकोलच्या सजावटीवर देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आली, परंतु हा ठोकळा फुलांच्या आड लपून राहिला. आमच्या शहरात ओला आणि सुका कचरा निराळा घेतात. ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा दररोज 550 टन क्षमतेचा प्रकल्प 2022 मध्ये देवगुराडिया येथे सुरू झाला. लग्नातली शेवंती त्या वाटेने जाऊन कोणाची तरी बस चालवू शकते. तिच्या देठात हिरव्या ठोकळ्याचे तुकडे अडकलेले असले तर मात्र ती वाट अडते. रांगोळीला हा प्रश्न कधी पडला नाही. ती झाडूने एका फटक्यात मातीत जात असे.

येथवर वाचून आम्ही जुन्या पंगतीचे गुणगान करीत आहोत असा कोणाचा समज झाला असेल, तर तो दूर केला पाहिजे. ती पंगत सुंदर होती, आणि ती सर्वांसाठी नव्हती. कोणी कोणाच्या ओळीत बसावयाचे हे जात ठरवीत असे, आणि कित्येकांना ती महिरप दुरूनच पाहावी लागे. ज्या बायकांनी पहाटे उठून रांगोळी काढली त्या सर्वांत शेवटी, पुसल्या गेलेल्या रांगोळीवर, उरलेले वाढून घेऊन बसत. बुफेची रांग कितीही कुरूप असो, तिने हा पंक्तिभेद मोडण्यास मोठाच हातभार लावला आहे. हाती थाळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुमची ओळ कोणती, असे कोणी विचारीत नाही.

म्हणूनच सजावटीच्या वाटेने तो परत येताना दिसतो तेव्हा आम्हांस अस्वस्थ वाटते. हल्ली मंचाजवळची चार-सहा मेजे निराळी असतात. त्यांच्यावर गुलाब, काचेची भांडी, रेशमी झालर आणि 'राखीव' अशी पाटी. मागच्या मेजांवर कागदी रुमाल. सेवेत असताना आम्हांसही अशा पाटीमागे नेऊन बसवीत असत. बसवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमचे पद असे, आणि निवृत्तीनंतर ती पाटी दुसऱ्या कोणापुढे गेली यात नवल नाही. त्या मेजावरची फुले अतिथीची वाट पाहत नव्हती, एवढेच म्हणता येईल. विहिणीच्या पानाभोवती अधिक रांगोळी असे हे खरे. पण तो नव्या नात्याचा मान होता, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या घरची विहीण त्या पानावर बसे.

आणखी एक मेज असते, ज्याचा उल्लेख कोणाच्याही अंदाजपत्रकात आम्ही पाहिलेला नाही. वरातीचे ढोलवाले, डोक्यावर दिव्यांची झुंबरे वाहणारे, पाहुण्यांच्या गाड्यांचे चालक आणि दुपारपासून फुले खोवणारी ती पोरे या सर्वांचे जेवण गार्डनच्या मागच्या भिंतीशी, जनरेटरच्या बाजूस होते. बारा वाजून गेलेले असतात. लोखंडी मेजावर चादर नसते. कोणीतरी मंचावरून उतरलेल्या माळेचा एक तुकडा तेथे आणून टाकतो, आणि पोरे तो बाजूस सारून थाळ्या ठेवतात.