वीस सोंडे

एका डोंगरी गडावर धान्याचं एक कोठार होतं. पन्हाळ्यावर गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची दगडी कोठारं आजही उभी आहेत. हे त्यांच्यापेक्षा बरंच लहान होतं, पण गडावरच्या माणसांना वर्षभर पुरेल एवढी ज्वारी त्यात मावायची.

कोठाराची किल्ली एका म्हाताऱ्या कोठावळ्याकडे होती. त्याच्या हाताखाली एक पोरगा नवा उमेदवार म्हणून लागला. पोरगा हिशेबात पक्का होता.

वैशाखातल्या एका सकाळी पोराने ज्वारीत हात घातला. बोटांवर दोन-चार सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, चढले. त्याने ते झटकून टाकले.

"आजोबा, ज्वारीत थोडे सोंडे दिसतात."

"किती?"

"अगदी थोडे. एवढ्या खंड्यांच्या राशीत ते काय खाणार?"

कोठावळा काही बोलला नाही. त्याने एक मडकं आणलं. त्यात त्याच राशीतली शेरभर ज्वारी घातली आणि मोजून वीस सोंडे सोडले. तोंडाला फडकं बांधलं.

मग त्याने आणखी एक शेर ज्वारी घेतली आणि ती अंगणातल्या फरशीवर पसरली. वैशाखाचं ऊन तिला चार दिवस दिलं. रोज संध्याकाळी तो एक दाणा दाताखाली धरून पाही. चौथ्या दिवशी दाणा कट्‌कन फुटला. ती ज्वारी गार झाल्यावर त्याने दुसऱ्या मडक्यात भरली. त्यातही वीस सोंडे सोडले आणि फडकं बांधलं. हे मडकं त्याने चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं. भर पावसाळ्यातही तिथे दमट हवा टिकत नसे.

"दर अमावास्येला दोन्ही मडकी मोजायची आणि वहीत मांडायचं," कोठावळा म्हणाला. "तुझं काम एवढंच."

ज्येष्ठाची अमावास्या आली. पोराने पहिलं मडकं सुपात ओतलं. सोंडे वीसच होते. माळ्यावरच्या मडक्यात सतरा होते, तीन मेले होते.

"आजोबा, काहीच वाढ नाही."

कोठावळ्याने पहिल्या सुपातला एक दाणा उचलला. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. कोठावळ्याने तो नखाने फोडला. आत एक पांढरी, बिनपायांची अळी होती.

"सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते," तो म्हणाला. "आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतच खाते आणि आतच वाढते. पावसाळी उबेत महिना-सव्वा महिन्यात सोंडा होऊन बाहेर पडते. तोवर दाणा तुला चांगलाच दिसणार."

पोराने वहीत वीसचा आकडा मांडला. त्याच्यापुढे काय लिहावं ते त्याला कळेना.

आषाढाच्या अमावास्येला पहिल्या मडक्यातले सोंडे चारशेच्या वर गेले. पोराची संध्याकाळ मोजण्यातच गेली. रात्री त्याला झोप येईना. त्याने कोळसा घेतला आणि ओसरीवर हिशेब मांडला. महिन्यात वीसपट वाढ. म्हणजे पुढच्या अमावास्येला 8,000. त्याच्या पुढच्या अमावास्येला 1,60,000. मग 32,00,000. आणखी काही महिन्यांत गडावर दाणा उरत नव्हता, आणि वर्षभरात साऱ्या मुलखात उरत नव्हता.

त्याने कोठावळ्याला उठवून ओसरीवर आणलं. म्हाताऱ्याने कंदिलाच्या उजेडात आकडे वाचले.

"गुणाकार बरोबर आहे," तो म्हणाला. "सोंडे तू मांडलेस. मग ज्वारी का नाही मांडलीस?"

दुसऱ्या दिवशी पोराने एक चिपटं ज्वारी घेऊन दाणे मोजले आणि त्यावरून शेराचा हिशेब काढला. शेरात साधारण 30,000 दाणे भरले. एका दाण्यात एकच अळी पोसते. मग त्या मडक्यात 32,00,000 सोंडे होणार कुठून? पोराला हायसं वाटलं. वाढ आपोआप थांबणार होती.

ती कशी थांबणार, हे त्याने अजून पाहिलं नव्हतं.

श्रावणात मडक्यात हजारो सोंडे झाले. आता मोजणं शक्य नव्हतं. पोरगा एक मूठ मोजून अंदाज बांधू लागला. मडकं हाताला ऊन लागायचं, कारण एवढ्या जिवांचा श्वास आत कोंडला होता. ज्वारी ओलसर झाली. तिला कुबट वास येऊ लागला. तळाशी पीठ साचलं. सोंडे फडक्यावर चढून बाहेर पडायला वाट शोधत होते.

पोराला त्यांची दया आली. त्याने आणखी चार शेर ज्वारी एका रांजणात ओतली आणि मडकं तिच्यात रिकामं केलं. कोठावळा दारात उभा राहून पाहत होता. त्याने पोराला अडवलं नाही.

"आता पाच शेर झाली," पोरगा म्हणाला. "जागा पाचपट, दाणा पाचपट. पाचपट दिवस पुरेल."

ती पुढच्या अमावास्येपर्यंतही धड पुरली नाही. जे महिन्यात वीसपट होतात, त्यांना पाचपट दाणा म्हणजे थोड्या दिवसांची सोय.

भाद्रपदाच्या अखेरीला पोराने रांजणात हात घातला. हाताला पीठ लागलं, आणि टरफलं. त्यात मेलेले सोंडे होते, वाळूसारखे, ओंजळी भरभरून. थोडे जिवंत होते. ते पोकळ दाण्यांवरून फिरत होते आणि थांबत होते.

पोराने रांजण गडाच्या कड्यावरून खाली रिता केला. मग कितीतरी वेळ तो हात धूत राहिला.

त्या संध्याकाळी कोठावळ्याने माळ्यावरचं मडकं खाली काढलं. त्यात एकही सोंडा जिवंत नव्हता. ज्वारी मात्र जशीच्या तशी होती.

"इथे दाणा कमी होता का?" त्याने विचारलं.

"नाही. दाणा भरपूर होता."

"जागा कमी होती का?"

"नाही."

"मग?"

पोराने एक दाणा दाताखाली धरला. तो कट्‌कन फुटला. पोरगा बराच वेळ विचार करत राहिला.

"पाणी," तो शेवटी म्हणाला. "सोंडा पाणी प्यायला कुठे जात नाही. दाण्यातल्या ओलीवरच तो जगतो. ती ओल या दाण्यात नव्हती."

दुसऱ्या दिवशी कोठावळा त्याला गडाखालच्या वाडीत घेऊन गेला. तिथे त्या दिवशी एक पेव उघडायचं होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा. त्याला आतून कडबा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. लोकांनी माती फोडली आणि ते मागे सरले. लगेच कोणी आत उतरलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा विझला. त्यांनी आणखी वाट पाहिली. दिवा आत तेवत राहिला, तेव्हाच एक माणूस उतरला. अशी काळजी न घेता पेवात उतरलेली माणसं गुदमरून मेलेली आहेत.

त्या माणसाने वरच्या थरातली ज्वारी सुपात भरून दिली. तिच्यात पाच-सात मेलेले सोंडे होते. दाणे शाबूत होते.

"या पेवात दाणा होता," पोरगा आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. "थोडी ओलही असेल. हवा नव्हती. धान्याच्या आणि सोंड्यांच्या स्वतःच्या श्वासाने ती संपली."

"जे सगळ्यांत आधी संपतं, तिथे वाढ अडते," कोठावळा म्हणाला. "बाकीचं कितीही असलं तरी."

ही गोष्ट ज्या काळातली आहे, त्या काळात असे प्रयोग कोणी छापत नसे. पुढे 1928 साली अमेरिकेत रॉयल चॅपमन या कीटकशास्त्रज्ञाने पिठातल्या तांबूस किड्यांवर असाच प्रयोग करून तो छापला. कुठे थोडं पीठ, कुठे पुष्कळ. सगळीकडे किडे आधी झपाट्याने वाढले आणि मग थांबले. थांबले तेव्हा दर ग्रॅम पिठामागे त्यांची संख्या जवळपास सारखीच होती. त्यांना ताजं पीठ मिळत होतं, तरीही. दाटी झाली की ते किडे स्वतःचीच अंडी खात होते. आपल्या कोठावळ्याला हे ऐकून नवल वाटलं नसतं. त्याने पाहिलेल्या राशी चॅपमनच्या बरण्यांहून पुष्कळ मोठ्या होत्या.

कोठावळ्याने आश्विनात किल्ली पोराच्या हाती दिली आणि तो ओसरीवर बसून राहू लागला.

कार्तिकात ज्वारीची कापणी झाली आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस आला. बैलांच्या पाठीवरून गोण्या गडावर येऊ लागल्या. गडाच्या साठ्याचे अधिकारी, कारखानीस, स्वतः दारात उभे होते. आभाळ पुन्हा भरून आलं होतं, आणि त्यांना गोण्या लवकर आत जायला हव्या होत्या.

पोराने पहिली गोणी सोडली. एक दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, चेपला. त्याने ओंजळीत ज्वारी घेऊन चाळली. त्यात सोंडे होते.

"ही ज्वारी आत जाणार नाही, सरकार. आधी तिला ऊन द्यावं लागेल."

"ऊन कुठे आहे?" कारखानीस म्हणाले. "चार दिवस वाट बघायची आणि पुन्हा पाऊस आला तर? सोंडे किती आहेत?"

"या ओंजळीत चार आहेत."

"चार सोंड्यांसाठी गडाचं धान्य उघड्यावर ठेवू?"

पोराने वही आणली. वैशाखापासूनची पानं त्यांच्यापुढे धरली. वीस, वीस, चारशे. मग हजारो. मग शेवटच्या पानावर आकडा नव्हता. तिथे पोराने लिहिलं होतं, 'पीठ'.

कारखानिसांनी ते पान दोनदा वाचलं. "ही वाढ कधी थांबतच नाही का?"

"थांबते, सरकार. वाढ कोणाचीही असो, ती थांबतेच. आपण काही केलं नाही तर ती ज्वारी संपल्यावर थांबेल. त्याआधी थांबायला हवी असेल, तर हे चारच आहेत तोवर आपणच ती थांबवायला हवी."

कारखानिसांनी ओसरीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा काही बोलला नाही. मग ते गोणीवाल्यांकडे वळले आणि गोण्या सदरेच्या छपराखाली उतरवायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. त्यांनी गडावरची सगळी माणसं फरशीवर ज्वारी पसरायला लावली. त्यांत शिपाई होते आणि त्यांच्या घरच्या बायकाही होत्या. पोरगा रोज संध्याकाळी प्रत्येक राशीतला एकेक दाणा दाताखाली धरत होता. ज्या राशीचा दाणा कट्‌कन फुटे, तेवढीच तो कोठारात घेत होता.