फितूर कोण, हे ठरवणार कोण?

निवडणूक जवळ आली की भंडारा-पवनी रस्त्यावरच्या आमच्या अड्याळातही सभा होतात. गेल्या काही वर्षांत या सभांना एक ठरावीक वळण लागले आहे. पक्ष सोडून गेलेल्याचे नाव घ्यायचे, त्याला गद्दार म्हणायचे आणि लगेच इतिहासात शिरायचे: मराठ्यांचे राज्य इंग्रजांनी जिंकले नाही, ते सरदारांच्या फितुरीने बुडाले! हे वाक्य कोणा एका पक्षाचे राहिलेले नाही. २०२२ नंतर तर एकाच घरातून फुटलेले दोन गट तेच वाक्य एकमेकांच्या अंगावर फेकतात आणि दोन्हीकडे टाळ्या पडतात.

मला ते वाक्य बोचते. पवनी, अड्याळ, भंडारा हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, आणि फितूर सरदारांची यादी कोणीही केली तरी तिच्यात भोसल्यांचे नाव हमखास असते. मी इथे भोसल्यांची वकिली करत नाही. १७६३ मध्ये जानोजी भोसले निजामाच्या बाजूला होते आणि त्या फौजांनी पुणे लुटले, जाळले. त्याचे समर्थन कोणत्याही प्रांताभिमानाने करू नये. पण फितुरी हा आरोप आहे, आणि आरोप म्हटला की तो ऐकून निर्णय देणारे कोणी तरी लागते. असे कोणी तरी आपल्याकडे होते. ते कधी आणि कसे नाहीसे झाले, हे आपण विचारतच नाही.

सेनापती आणि सभा यांच्या झगड्याचा विषय निघाला की रोमचे उदाहरण आपोआप येते, आणि तिथेही हीच चूक होते. मारियस, सुल्ला, पाँपे, सीझर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. महत्त्वाकांक्षी सेनापतींनी सिनेटचा गळा घोटला, ही गोष्टही पाठ आहे. सीझरने इ.स.पूर्व ४९ मध्ये रुबिकॉन नदी ओलांडली तिथे सगळे थांबतात. मी त्याच्या थोडे आधी थांबतो. इ.स.पूर्व ६२ मध्ये पाँपे पूर्वेकडची युद्धे जिंकून ब्रुंडिझियमला उतरला. वीस वर्षांपूर्वी सुल्ला फौजेसह इथेच उतरला होता आणि पुढे त्याने रोम घेतले होते, त्यामुळे शहराने धसका घेतलेला. पाँपेने फौज मोडली, शिपायांना घरी पाठवले. कायदा सांगत होता तेच त्याने केले. मग सिनेटने काय करावे? त्याच्या शिपायांना जमिनी देण्याचा आणि त्याने पूर्वेत लावलेली व्यवस्था मान्य करण्याचा प्रश्न केटो, लुकुलस आणि त्यांच्या मंडळींनी लोंबकळत ठेवला. शेवटी पाँपे सीझरला जाऊन मिळाला.

पुढे इ.स.पूर्व ५० च्या डिसेंबरात ट्रिब्यून क्युरिओने सूचना मांडली की सीझर आणि पाँपे या दोघांनीही एकाच वेळी सेनापतिपद सोडावे. सिनेटने ती ३७० विरुद्ध २२ मतांनी उचलून धरली. एवढे प्रचंड बहुमत! पण कॉन्सल मार्सेलसने सभा बरखास्त केली आणि पाँपेच्या हाती तलवार देऊन त्याला सीझरविरुद्ध उभे राहायला सांगितले. दोन सेनापतींमध्ये निवाडा करण्याची जागा त्या दिवशी एका सेनापतीची छावणी झाली. रुबिकॉन ओलांडणे हा गुन्हाच होता. पण तो गुन्हा आहे असे अधिकाराने सांगणारे नि:पक्षपाती कोणी त्या वेळी उरलेले नव्हते.

आता आपल्याकडे येऊ. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सेनापती हा आठांपैकी एक होता, पगार रोख होता आणि जहागिरीला शक्यतो थारा नव्हता. राजाराम महाराजांच्या काळात औरंगजेबाशी झुंजताना रोख पैसा नव्हता, म्हणून वतने आणि सरंजाम देणे भाग पडले. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि वसुलीचे मुलूख सरदारांत वाटले गेले. इथवर वाद नाही. वंशपरंपरागत पदांनी राज्य पोखरले हे न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्येच लिहून ठेवले आहे. होळकरांनी नजीबखानाला वाचवल्याचा ठपका बखरीत आहे, आपसातल्या भांडणांची जंत्री ग्रँट डफने १८२६ मध्ये दिली आहे. बखरीतला ठपका आणि डफची जंत्री यांच्यातून आजच्या भाषणातली फितुरी तयार झाली. पण या साऱ्यांच्या मध्ये जी सात वर्षे येतात, १७४३ ते १७५०, ती सगळे चुकीची वाचतात असे माझे मत आहे.

आपण गृहीत धरतो की पुणे हे केंद्र आणि नागपूर हा सुभा, पेशवा धनी आणि भोसले त्याचे सरदार. १७४३ मध्ये असे काहीही नव्हते. रघुजी भोसले सेनासाहेबसुभा होते आणि ते पद त्यांना साताऱ्याहून मिळाले होते. बाळाजी बाजीराव पेशवे होते आणि तेही पद साताऱ्याचेच. दोघेही शाहू छत्रपतींचे सेवक. रघुजी बंगालच्या चौथाईसाठी तिथला नवाब अलीवर्दीखान याच्यावर चालून गेले, तर दिल्लीच्या बादशहाच्या सांगण्यावरून पेशवे फौज घेऊन बंगालमध्ये गेले, अलीवर्दीकडून खर्चापोटी २२ लाख कबूल करून घेतले आणि रघुजींना बंगालबाहेर काढले. म्हणजे एका राज्याच्या मुख्य प्रधानाने परक्या नवाबाचा पैसा घेऊन आपल्याच राज्याच्या सेनाधिकाऱ्याला हुसकावले. हे कोणत्या भाषणात ऐकले आहे? हीच गोष्ट भोसल्यांनी केली असती तर शाळेच्या पुस्तकात तिचा वेगळा धडा असता.

आणि तरीही राज्य फुटले नाही. दोघेही साताऱ्याला गेले. ऑगस्ट १७४३ मध्ये शाहूंनी वाटणी करून दिली: बंगाल, ओरिसा आणि बिहारचा बराच भाग रघुजींकडे, माळव्यासह उत्तरेचा मोठा मुलूख पेशव्यांकडे, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये. पेशवे आणि रघुजी यांच्यापुढे शाहूंची स्वतःची फौज काहीच नव्हती. तरी दोन बलाढ्य सेनापतींनी तो निवाडा मानला. बारा वर्षांपूर्वी, १७३१ मध्ये, डभईच्या लढाईत बाजीरावांकडून सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारले गेले, तेव्हाही शाहूंनी दाभाड्यांचे सेनापतिपद त्यांच्याच घरात ठेवले होते. पेशवा जिंकला म्हणून सेनापतिपद पेशव्याचे झाले नाही. हे मला शाहूंच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते. इतिहासकार त्यांना सौम्य, आरामप्रिय म्हणून सोडून देतात. सौम्य असतील, पण त्यांच्या सदरेवर वादी-प्रतिवादी दोघेही येत होते.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारले. राज्यकारभार पेशव्यांनी पाहावा असे त्यांनी लिहून ठेवले होते. पुढच्या वर्षी सांगोल्यास नवे छत्रपती रामराजा यांच्याकडून तसे लिहून घेतले गेले आणि कारभार पुण्याला गेला. सांगोल्याच्या या कराराला आपण सोय समजतो. छत्रपती दुबळे, पेशवे कर्ते, तेव्हा जे झाले ते बरे झाले, असा सूर असतो. रामराजा दुबळे होते हे मलाही मान्य आहे. पेशव्यांनी राज्य चालवले, वाढवले, हेही मान्य. खुद्द रघुजींनी नव्या व्यवस्थेला विरोध केला नाही, आपल्या सनदा नव्या करून घेतल्या, हेही लपवण्यासारखे नाही. पण त्या कराराने पेशव्याला केवळ कारभारी केले नाही. ज्या दोघांचे भांडण साताऱ्याला जात होते, त्यांतला एक आता स्वतःच सातारा झाला. धुऱ्याच्या भांडणात मोजणी करणाराच शेजारचा शेतकरी निघावा, तसे ते होते. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येण्याची रीत पुढेही पाळली गेली. ऑगस्टसनेही सिनेट मोडली नव्हती, तिची बैठक नेमाने भरत होती.

परिणाम लगेच दिसला. ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले, दमाजी गायकवाड त्यांच्या बोलावण्यावरून गुजरातेतून चालून आले. पेशव्यांनी दमाजींना कैदेत टाकून निम्मा गुजरात लिहून घेतला. दमाजी बंडखोर होते की छत्रपतींच्या घराण्याच्या हाकेला आलेले सरदार? हे ठरवायचे कोणी? ठरवले ते पेशव्यांनी. जानोजींच्या बाबतीतही तेच झाले. १७६९ च्या कनकापूरच्या तहात भोसल्यांवर दरसाल ५ लाख १ रुपयाची खंडणी बसली आणि परक्यांशी परस्पर बोलणी करू नयेत अशी अट पडली. माधवराव पेशवे कर्तबगार होते, न्यायी होते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण हा तह जिंकणाऱ्याने हरणाऱ्याकडून लिहून घेतलेला होता. त्याला निवाडा म्हणता येत नाही. लादलेला करार माणूस संधी मिळेपर्यंतच पाळतो.

ती संधी आली. १७७९ नंतर नाना फडणीस, हैदर, निजाम आणि भोसले यांनी इंग्रजांविरुद्ध एकत्र उठायचे ठरले. मुधोजी भोसल्यांच्या मुलाची फौज बंगालच्या दिशेने ओरिसापर्यंत गेली आणि तिथेच बसून राहिली, कारण वॉरन हेस्टिंग्जने पैसा मोजला होता. हीच भोसल्यांची प्रसिद्ध फितुरी. मी तिला फितुरीच म्हणेन. पण मग १७४३ मध्ये बंगालच्या नवाबाचे २२ लाख कबूल करून घेणे याला काय म्हणायचे? मुलूख तोच, व्यवहार तोच, आणि तो वस्तुपाठ पेशव्यांनीच घालून दिला होता.

मधल्या काळात न्यायाची जागा पुन्हा उभी राहण्याची एक वेळ आली होती. ३० ऑगस्ट १७७३ ला पेशवे नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द पेशवेपदावर बसलेल्या रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि सखारामबापू, नाना, हरिपंत फडके आदी बारभाई एकत्र आले. आपल्या इतिहासात सिनेटच्या सर्वांत जवळ जाणारे काही असेल तर ते हेच. या मंडळाने वडगावला १७७९ मध्ये इंग्रजांना तह करायला लावले. पण तोवर बारभाईंपैकी मोरोबा कैदेत गेले होते, त्याच वर्षी सखारामबापूही गेले आणि बारभाईंचे एकटे नाना झाले. त्यानंतर महादजी शिंद्यांनी दाद मागायची ती नानांकडे, आणि तीही नानांविरुद्धच.

म्हणून आजच्या गद्दारीच्या आरोळ्या मला पोकळ वाटतात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षांतर कोणी केले हे ठरवण्याचा अधिकार सभागृहाच्या अध्यक्षाला मिळाला. हा अध्यक्ष पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असतो आणि बहुमताच्या मर्जीवर त्या खुर्चीत असतो. १९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद ३ विरुद्ध २ मतांनी टिकवली. अशा अध्यक्षाला स्वतंत्र न्यायाधीश मानता येणार नाही, असे अल्पमतातल्या दोन न्यायमूर्तींनी तेव्हाच लिहिले होते. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने संसदेला स्वतंत्र, कायमस्वरूपी न्यायाधिकरणाचा विचार करायला सुचवले. अड्याळच्या चौकात मला या सूचनेबद्दलचे भाषण ऐकायचे आहे. तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही, कारण दोन्ही बाजूंना न्यायाधीश आपला हवा असतो.

निवाड्याची जागा रिकामी राहिली की ती कोण भरतो, हेही इतिहासातच आहे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, दुसरे बाजीराव वसईला पळाले आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसले. पुढच्या वर्षी असई आणि अडगाव येथे शिंदे-भोसले हरले. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावला दुसऱ्या रघुजींनी तहावर सही केली. कटक गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला, एवढेच आपल्याला शिकवतात. त्या तहात आणखी एक कलम होते: भोसल्यांचे पेशव्यांशी किंवा निजामाशी जे वाद असतील, त्यांचा निवाडा कंपनी करील. साताऱ्याने सोडलेल्या जागी अखेर कलकत्त्याचा माणूस येऊन बसला. पन्नास वर्षांनी, डिसेंबर १८५३ मध्ये, तिसरे रघुजी निपुत्रिक वारले. दत्तकाचा प्रश्न त्याच न्यायाधीशापुढे गेला. भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी नागपूरहून पुष्कळ अर्ज-विनंत्या केल्या. १८५४ मध्ये डलहौसीने निकाल दिला आणि राज्य खालसा करून कंपनीकडे घेतले.