एबी फॉर्म नसलेली निवडणूक

आपल्याकडे महापालिकेच्या निवडणुकीतली खरी चुरस मतदानाआधीच संपलेली असते. इच्छुकांच्या मुलाखती होतात, ‘निवडून येण्याची क्षमता’ जोखली जाते आणि पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या हाती पडला ते अर्ज भरायच्या शेवटच्या दुपारी कळतं. मतदाराकडे येतो तो चाळून उरलेला माल. चार-चार नगरसेवकांच्या प्रभागात तर तोही चिन्ह बघूनच उचलला जातो.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात ही चाळणी मतदाराच्या हातात असते. नगर परिषदेच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. ऑगस्टच्या प्रायमरीत कितीही जण उभे राहोत, नोव्हेंबरच्या लढतीला पहिले दोनच जातात. मतपत्रिका पोस्टाने घरी येते, उमेदवारांच्या निवेदनांची पुस्तिकाही येते. मतदान म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसून केलेलं तिकीटवाटप.

पण चिन्ह काढून घेतलं की तुलना करायची कशावरून? 2023 साली तिथल्या तिसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये आठ जण उभे होते. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या समाजवादी क्षमा सावंत यांची ही जागा. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नव्हत्या. सावंत असत्या तर तुलना सोपी होती: त्या हव्यात की नकोत, एवढंच. त्या नसताना उरले सारखेच मुद्दे: घरं परवडली पाहिजेत, रस्ते सुरक्षित हवेत, बेघरांना छप्पर मिळायला हवं, याला नाही कोण म्हणणार?

पुढे गेल्या दोघी, जॉय हॉलिंग्जवर्थ आणि ॲलेक्स हडसन. मतांत फरक अगदी थोडा. हॉलिंग्जवर्थ यांचं घराणं त्याच भागातलं. त्यांच्या आजी 1975 साली सिएटलच्या शाळा मंडळावर निवडून आल्या होत्या. हडसन सार्वजनिक वाहतुकीसाठी झटणाऱ्या संस्थेच्या प्रमुख राहिलेल्या. एकीकडे पिढ्यांची ओळख, दुसरीकडे कामाचा अभ्यास. नोव्हेंबरमध्ये हॉलिंग्जवर्थ जिंकल्या. ‘आपल्या भागातला माणूस’ या शब्दांचं वजन आपल्याला सांगायला नको. मला ते वजन पटतं, पण अर्धंच. गल्ली माहीत असणं आणि शहराचा अर्थसंकल्प वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिएटलच्या तिजोरीत तेव्हा पुढच्या वर्षांची मोठी तूट दिसू लागली होती. मी असतो तर प्रत्येकाला एकच विचारलं असतं: नवा कर लावणार की खर्च कापणार, आणि कापणार तर आधी कोणता? काय देणार हे सगळे सारखंच सांगतात. काय नाकारणार हे विचारलं की माणसं वेगळी दिसू लागतात.

या शहरात आणखी एक गंमत आहे. 2017 पासून पात्र रहिवाशांना 25 डॉलरची चार कुपनं मिळतात, आवडत्या उमेदवाराच्या प्रचारनिधीला द्यायला. ग्रीन कार्डवाल्यांनाही. म्हणजे तिथे स्थायिक झालेला एखादा पुणेकर इंजिनिअर, ज्याला अजून मत देता येत नाही, तोही चार कुपनं समोर ठेवून ही बरी की ती, हा हिशेब मांडत बसू शकतो. 2023 च्या त्याच ऑगस्टमध्ये त्याच्या पुण्यात महापालिकेची मुदत संपून जवळपास दीड वर्ष झालं होतं. कारभार प्रशासक बघत होते आणि तुलना करायला उमेदवारच नव्हते.