बाजू मांडणाऱ्यांची नोकरी

दिव्यांग मुलांना शिकवणारे प्रशिक्षित शिक्षक शाळांमध्ये किती असावेत, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी निकाल दिला. प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक, हे प्रमाण तेव्हा ठरले. ‘रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला कुणा पुढाऱ्याने किंवा बड्या संस्थेने लढवलेला नाही. पूर्ण पात्रता असूनही तात्पुरत्या नेमणुकांवर राबणारे विशेष शिक्षक स्वतःच न्यायालयात गेले होते. त्यांचे गाऱ्हाणे नोकरीचे होते, हे उघड आहे. पण त्या गाऱ्हाण्याची तड लावताना न्यायालयाला मुलांच्या हक्काचे मोजमाप ठरवावे लागले. शिक्षकाची भाकरी आणि मुलाचे शिक्षण इतके एकमेकांत गुंतलेले क्षेत्र क्वचितच असेल, आणि ही गुंतागुंत समजून घ्यायची तर दिल्लीपेक्षा गोंदिया जिल्ह्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार १३,२२,५०७ लोकवस्ती, धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड. घरात कुणी पोवारी बोलते, कुणी गोंडी, कुणी छत्तीसगढी, कुणी झाडीबोली. शाळेत मात्र पुस्तकातली मराठी. सालेकसा आणि देवरी तालुक्यांतली कितीतरी गावे जंगलाच्या आत आहेत आणि तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट अगदी लहान असतो. अशा ठिकाणी दिव्यांग मुलेही विखुरलेली असतात. एका गावात ऐकू न येणारी एक मुलगी, पुढच्या गावात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा, त्यापुढच्या गावात शाळेत नाव असूनही अंथरुणाला खिळलेले एखादे मूल. समग्र शिक्षा योजनेत गटसाधन केंद्राशी जोडलेली विशेष शिक्षिका ही मुले शोधत शाळा-शाळा फिरते. तिच्याकडे विशेष शिक्षणातली पदविका किंवा पदवी असते आणि १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही असते.

तिचे काम शिकवण्याचे आहे, असे तिच्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात शिकवण्याची पाळी येईपर्यंत तिला बरेच काही करावे लागते. मुलाकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड नसेल तर योजनांचे दार उघडत नाही. केशोरीच्या बाजूच्या एखाद्या गावातून मुलाला घेऊन गोंदियाच्या जिल्हा रुग्णालयात जायचे, तर माय-बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. रोवणीच्या दिवसांत ती बुडवणे कुणालाच परवडत नाही. तपासणी शिबिराची तारीख नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये लागली, तर मुले येणार नाहीत हे गावात फिरणाऱ्या माणसालाच ठाऊक असते, आणि ते वरच्या कार्यालयाला तिनेच सांगायचे असते. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, दिव्यांग मुलींना वर्षातील दहा महिने मिळणारा दरमहा २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, श्रवणयंत्र, कॅलिपर, ठळक अक्षरांची पुस्तके, दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ; यातले काहीही आपोआप मुलापर्यंत पोहोचत नाही. कुणीतरी यादी करावी लागते, पाठपुरावा करावा लागतो, मुख्याध्यापकांशी बोलावे लागते, कधी वाद घालावा लागतो.

हेच नेतृत्व आहे, असे म्हटले तर काही जणांना ते पटणार नाही. आपल्याकडे शिक्षकाच्या नेतृत्वाची कल्पना केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, शिक्षणाधिकारी अशा पायऱ्यांत अडकलेली आहे. विशेष शिक्षिकेला या पायऱ्याच नाहीत. वीस वर्षांनीही तिचे पद तेच राहते. पण मुलाच्या वतीने आरोग्य, महसूल, शिक्षण, ग्रामपंचायत या सगळ्या दारांवर उभी राहणारी जिल्ह्यातली ती एकमेव सरकारी व्यक्ती असते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते; हा नियम गावात पहिल्यांदा उच्चारला जातो तो बऱ्याचदा तिच्याच तोंडून.

तिच्या कामाचे महत्त्व सर्वांत ठळक दिसते ते सिकलसेलच्या बाबतीत. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि तो आदिवासींपुरता मर्यादित नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मुलाला हातापायांत, पोटात, छातीत असह्य वेदना होतात. थंडी, ताप, अतिश्रम, शरीरातले पाणी कमी होणे, एवढे निमित्त पुरते. असे मूल आठवडा-आठवडा शाळेत येत नाही. हजेरीपटावर ते ‘सतत गैरहजर’ ठरते, गुणपत्रकात मागे पडते आणि शेवटी शाळा सोडते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात हे मूल कुठेच बसत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने प्रकारांची संख्या २१ केली आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आले.

कायदा बदलला, वर्ग मात्र लगेच बदलत नाही. धडधाकट दिसणारे मूल दिव्यांग कसे, हा वर्गशिक्षकाचा प्रश्न प्रामाणिक असतो. त्याला समजावून सांगावे लागते, की या मुलाने पाण्याची बाटली जवळ ठेवली पाहिजे, तासाच्या मध्ये लघवीला जाऊ दिले पाहिजे, थंडीच्या सकाळी मैदानावर पळवता कामा नये, आणि बुडालेला अभ्यास भरून काढायला वेगळा वेळ दिला पाहिजे. काही मुलांच्या मेंदूचा रक्तपुरवठा अडतो. त्यांचे विसरणे म्हणजे आळस नव्हे. या सूचनांना पैसा लागत नाही, लागते ते रोगाची आणि कायद्याची दोन्ही माहिती असलेले माणूस शाळेत येणे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर तपासणीवर आणि उपचारावर आहे, आणि तो असायलाच हवा. पण तपासणीत सापडलेल्या मुलाच्या शिक्षणाचे काय, याचे उत्तर शाळेतच द्यावे लागणार आहे. शिवाय सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात सिकलसेलचा समावेश आजही नाही. शाळेत जे मूल दिव्यांग म्हणून ओळखले जाते, ते नोकरीच्या रांगेत तसे राहत नाही. ही लढाई अजून कुणीतरी लढायची आहे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. घरी गोंडी बोलणारे मूल पहिलीत येते आणि शिक्षकाचे बोलणे त्याला कळत नाही. ते गप्प राहते. ते गतिमंद आहे, की त्याला ऐकू कमी येते, की भाषा परकी आहे? अध्ययन अक्षमता ओळखण्याच्या चाचण्या आणि प्रमाणपत्र देणारी केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटलेली आहेत. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्यात महाराष्ट्र १९९६ पासून पुढे राहिला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तिचा लाभ शहरी, इंग्रजी शाळांतल्या, जाणत्या पालकांच्या मुलांनी अधिक घेतला. सालेकशातल्या मुलाला चुकीचा शिक्का बसण्याची भीती जितकी खरी, तितकीच खरी अडचण कुणाच्याच नजरेला न येण्याची भीतीही. मुलाच्या घरी जाऊन, आजीशी ते कसे बोलते हे ऐकून निष्कर्ष काढणारा शिक्षक असेल, तरच हा पेच सुटतो. घाईने भरलेल्या सर्वेक्षणाच्या तक्त्यांतून तो सुटत नाही.

आता मूळ मुद्दा. हे सारे काम मुदतीच्या करारावरच्या माणसांकडून करवून घेतले गेले. १९७४ च्या एकात्म शिक्षण योजनेपासून सर्व शिक्षा अभियान आणि २०१८ नंतरची समग्र शिक्षा इथपर्यंत योजनांची नावे बदलली, पण विशेष शिक्षक योजनेचाच राहिला, शाळेचा झाला नाही. महाराष्ट्रात अनेकांनी मानधनावर पंधरा वर्षांहून अधिक काळ काढला. ज्याचा आदेश पुढच्या वर्षी निघेल की नाही याची खात्री नाही, त्याने मुख्याध्यापकाला ‘तुम्ही या मुलाला प्रवेश नाकारून कायदा मोडत आहात’ असे ठणकावून सांगावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तरीही काही जण ते सांगत आले, हा त्यांचा मोठेपणा. व्यवस्थेने मात्र कुणाच्या मोठेपणावर विसंबून राहू नये. म्हणून विशेष शिक्षकाचे कायमपण हा कर्मचाऱ्यांच्या मागण्यांतला एक मुद्दा म्हणून पाहणे चुकीचे आहे. बोलण्याची सुरक्षितता हे त्याच्या कामाचे साधन आहे, आणि ते मुलासाठी लागते.

शिक्षकाची नोकरी आणि दिव्यांगांचा हक्क यांचे नाते अमेरिकेतही एका शिक्षिकेनेच जगापुढे आणले. पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या ज्युडी ह्यूमन यांना १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने परवाना नाकारला. आग लागली तर त्या मुलांना बाहेर कशा काढणार, असे कारण दिले. त्या न्यायालयात गेल्या, परवाना मिळवला, वर्गावर शिकवले. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत दिव्यांगांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ जे ठाण मांडले, त्याच्या नेतृत्वात त्या होत्या, आणि १९९३ ते २००१ या काळात विशेष शिक्षणाचे केंद्रीय खाते त्यांनी सांभाळले. वर्गापासून धोरणापर्यंतची ही वाट तिथे खुली होती. गोंदियाच्या शिक्षिकेला ती अजून दिसतही नाही.

आपल्याकडे अशी वाट माणसांनी सरकारबाहेर काढली. नाशिकला रजनी लिमये यांनी आपल्या बौद्धिक अक्षम मुलासारख्या मुलांसाठी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. अमरावती जिल्ह्यातील वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची दृष्टिहीन मानसकन्या माला पापळकर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिक पदासाठी निवडली गेली. या माणसांविषयी आदर वाटतोच. मात्र दर जिल्ह्याला एक शंकरबाबा मिळेल, या आशेवर शिक्षण खाते चालवता येत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहाच्या पातळीवर, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा आणि करारावर काम करणाऱ्या जवळपास तीन हजार जणांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय घेतला. ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच राज्यांना पदे निश्चित करून ती भरण्याचा आदेश दिला. राज्याचा निर्णय स्वागतार्ह आहे आणि तो अपुराही आहे. न्यायालयाचे प्रमाण मुलांच्या संख्येवर बेतलेले आहे, राज्याची पदे केंद्रांच्या संख्येवर. एका केंद्रात पाच दिव्यांग मुले असतील, दुसऱ्यात चाळीस. दोन्हीकडे शिक्षक एकच. गोंदियासारख्या विरळ वस्तीच्या जिल्ह्यात तर संख्येबरोबर अंतरही मोजले पाहिजे. दहा मुले एका शाळेत असणे आणि दहा मुले आठ गावांत असणे, यांत शिक्षकाच्या आठवड्याचा फरक पडतो.

कायम केले की माणसे सुस्तावतात, असा आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर एवढेच, की अनिश्चिततेत पंधरा वर्षे टिकून राहिलेल्यांना कामाची आच सिद्ध करून दाखवायची राहिलेली नाही. खरा धोका वेगळा आहे. विशेष शिक्षक आला की वर्गशिक्षकाने त्या मुलाची जबाबदारी त्याच्यावर सोपवून मोकळे व्हायचे, ही प्रवृत्ती वाढू शकते. पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या माणसाकडून मूल शिकणार नाही; ते रोज समोर असणाऱ्या गुरुजींकडून आणि मॅडमकडूनच शिकेल. विशेष शिक्षकाने त्यांना कसे शिकवायचे ते दाखवायचे आहे. त्यासाठी शाळेच्या विकास आराखड्यात त्याचे म्हणणे नोंदवले गेले पाहिजे, आणि माहिती भरण्याच्या इतर कामांना त्याला जुंपणे थांबले पाहिजे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, अशी विभागणी राज्यात आहे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या मुलाची नोंद या दोन खात्यांच्या मध्ये हरवू नये, एवढी व्यवस्था जिल्हा परिषदेने तरी करायला हवी.

गावातल्या पालकांच्या हातातही एक साधन आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. गोंदियातल्या आठही तालुक्यांतील समित्यांनी पुढच्या बैठकीला विशेष शिक्षकाला रीतसर बोलवावे, शाळेच्या हद्दीतल्या दिव्यांग आणि सिकलसेलग्रस्त मुलांची यादी त्याच्यासोबत तपासावी, कुणाचे प्रमाणपत्र आणि कुणाचा भत्ता राहिला आहे ते इतिवृत्तात लिहावे, आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.