लोक डोक्यावर का घेतात?

वाचक माउली, कीर्तनास गर्दी झाली की कीर्तनकार थोर, असा हिशेब हल्ली होऊ लागला आहे. आम्हीही तो मनातल्या मनात करीत आलो. कशाला खोटे बोला! म्हणून हा प्रश्न आधी आम्ही आम्हांसच घालतो : लोक एखाद्याला डोक्यावर का घेतात?

१९३६ साली ‘प्रभात’ने ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. मुंबईत एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आम्ही तो लहानपणी जत्रेच्या तंबूत पाहिला. तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. पण पडद्यावर ते दिसताच आमच्या आजीने हात जोडले, ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. त्यातले बीजाचे पद शांताराम आठवल्यांनी रचलेले. पुष्कळांस ते तुकोबांचेच वाटले. यात कसब होतेच. पण नुसत्या कसबाने कोणी हात जोडत नाही. पावणेतीनशे वर्षांवर ही वाणी टाळमृदंगावर, कामाधामात म्हटली जात होती. लोकांच्या ओठांवर होते तेच पडद्यावर आले. अभंगाचा घाटही तसाच : लहान चरण, यमक, धृपद; अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ऐकून ऐकून धरता येतो. पाठशाळेत आम्ही रघुवंश घोकला. त्याची थोरवी कमी नाही, परंतु तो घेऊन दिंडीत चालता येत नाही, बघा!

इथवर आम्ही खुशीत होतो. पुढचे सांगणे जड जाते.

काही वर्षांमागे एका सप्ताहात आम्ही सुनांवर कोटी केली. मंडप हसून लोटपोट झाला. कोणीतरी तेवढा तुकडा मोबाईलवर घातला. लाखभर लोकांनी पाहिला म्हणे. आमच्या तारखा वाढल्या. पुढल्या वर्षी त्याच गावी एक लेक पाया पडून म्हणाली, “महाराज, तुमचं ते बोलणं आमचे सासरे मला रोज लावून दाखवतात.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. आम्हांस प्रसाद गोड लागला नाही.

म्हणजे आमचेही बोल लोकांच्या ओठांवर गेलेच की! मग फरक कोठे राहिला? विचार करता एवढे उमगले की, तुकोबांचा अभंग म्हणणारा पुष्कळदा स्वतःलाच बोल लावतो. आमची कोटी म्हणणारा दुसऱ्याला लावतो. दोन्ही लोकांस प्रिय. आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे, लोकांना आवडते ते द्यावे. अहो, सासऱ्यांना आवडलेच होते! त्या लेकीला कोणी विचारले?

आम्ही ती कोटी सोडली. यंदा मागून आवाज आला, “महाराज, सुनेचं सांगा!” आम्ही टाळकऱ्यांकडे पाहून गजर धरला. काही मंडळी उठून गेली. तो तुकडा मात्र अजून फिरतो आहे, आणि तो परत घेणे आमच्या हाती नाही.